मामांचा पाणवठा

डोंगरात चालवायच्या गिअरच्या सायकलला घंटी, स्टँड, कॅरिअर आणि वर चिखल उडू नये म्हणून रबरी झडप लावून घेणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच निघेल, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. झडप लावली तेव्हा आमच्याकडे चिखल होऊन तिसरं वर्ष सरत होतं. सायकल मामांच्या पुण्यातल्या मुलाने पाठवली होती, चालवून बापाचे गुडघे मोकळे होतील म्हणून. मामांनी म्हैस पारखावी तशी ती चारी अंगांनी बघितली, मागच्या चक्रांचे दाते मोजले आणि म्हणाले, "एवढे दाते काहून? मानसाला बत्तीस पुरत्यात." तेव्हापासून सगळा बालाघाटचा डोंगर ते एकाच गिअरवर चढायचे. चढ फारच उभा आला तर उतरून ढकलायचे, पण गिअर बदलायचे नाहीत.

साठीला टेकेपर्यंत मामा साखर कारखान्यात चिटबॉय होते. दोन मुलींची लग्नं झाली, नातवंडं झाली, पण हुद्द्यातला बॉय काही मोठा झाला नाही. काम म्हणजे सायकलवर शेतोशेत फिरून उसाच्या नोंदी घ्यायच्या आणि तोडीच्या चिठ्ठ्या वाटायच्या. पण त्यांची खरी करामत लोकांना ऊस लावायला राजी करण्यात. ज्वारी-करडई करणाऱ्या माणसाला बांधावर बसवून, त्याच्याच घरचा चहा पीत, "पानी हाय हो, आनखी थोडं खाली जा," हे पटवण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. लोक खाली गेले. मग बोअर आटले, ऊस वाळला, उसावाचून कारखान्याचं धुराडं थंड झालं आणि मामा बाजेवर येऊन बसले. वर्षभर ते कुणाच्या बांधावर गेले नाहीत. ही सायकल आली तेव्हा कुठे उठले, आणि गावाकडे पाठ करून थेट डोंगराला लागले.

दिवसाआड पहाटे, कॅरिअरच्या दोन्ही अंगांना दहा-दहा लिटरचे कॅन बांधून. वर सालईच्या जंगलात जनावरांसाठी कुणी, कधीतरी बांधलेला सिमेंटचा पाणवठा आहे, तो भरायला. गावात टँकर आठ दिवसांनी यायचा. मामांनी अंघोळ आठवड्यावर नेली, दाढी सोडली, आणि "माज्या वाटनीचं नेतो, कुनाच्या बापाचं न्हाई," असं मामींना बजावलं. मामी म्हणायच्या, "घरात घसा कोरडा, आन ह्यांची हरनं न्हाऊन-धुवून बसल्यात." म्हणायच्या आणि कॅन स्वतःच भरून ठेवायच्या. एकदा मीही सोबत येतो म्हणालो, तर मामांनी साफ नाही म्हणून सांगितलं. "दोघं गेले की बोलनं निघतं, जावईबापू. आन बोलनं निघालं की पावसाचं निघतं." मला राग आला होता. मी काही पावसाचा ठेका घेतला नव्हता.

चैत्रात उतारावर चाक घसरलं आणि मामांचा पाय मोडला. प्लास्टर घालून ते बाजेवर पडले, डोंगराकडे तोंड करून. जेवण सुटलं. चौथ्या दिवशी मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "एक डाव जाता का तुमी? पर एकटेच जा. आन वतलं की थांबू नका, लगीच फिरा."

मी गेलो. गिअर बदलत गेलो, आणि दर वेळी चोरी केल्यासारखं वाटलं. शेरडांच्या पायवाटा, निष्पर्ण सालई, गुडघ्याएवढी धूळ, आणि मागे पाण्याचा डचमळ आवाज. वर पोचेतो माझा जीव गेला होता. दोन्ही कॅन ओतले आणि सांगितलेलं विसरून सावलीला बसलो, एखादं हरीण दिसेल म्हणून. हरीण आलं नाही. भाकरी खाऊन उठलो तर पाणवठ्यात ओल तेवढी उरली होती. तळाला बोटभर रुंद भेग होती. मामींचे धुण्याविना पडलेले कपडे डोळ्यांपुढे आले आणि मला तिथे एकट्याला रडू फुटलं. येताना वाटेत सिमेंटची पिशवी घेतली.

मामांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. "थांबलात न्हवं?"

"थांबलो. मामा, तळाला भेग आहे."

"पयल्या दिसापासून हाय."

"मग हरणं?"

"हरनं कवाच गेली, पान्याच्या मागं." ते प्लास्टरवरची धूळ झटकत राहिले. "खाली जा, खाली जा म्हनत जिंदगी गेली माजी. सगळं खालचंच उपसून आनलं लोकांनी, माज्या शब्दावर. थोडं तरी माघारी खाली जाऊ द्या." मग दाराकडे बघून म्हणाले, "तुमच्या मामीला सांगू नका. तिला हरनं लई आवडत्यात."

मामांचा पाय जुळला, पण डॉक्टरांनी सायकल बंद केली. आता रविवारी मी जातो. सिमेंटची पिशवी मामांच्या बाजेखाली तशीच आहे. परत आलो की मामा एवढंच विचारतात, "वतलं?" मी "ओतलं" म्हणतो, आणि त्या दिवशी ते भाकरी पुरी खातात. मामी हरणांची चौकशी करतात. मी कधी दोन सांगतो, कधी तीन.

परवा माझा मेव्हणा, मामांचा पुण्याचा मुलगा, सुट्टीला आला होता, म्हणाला मीही येतो. मी नाही म्हणालो. त्याने कारण विचारलं तेव्हा मामा डोळे मिटून पडले होते. मी त्यांचंच सांगितलं, की दोघं गेले म्हणजे उगाच पावसाचा विषय निघतो.