मोकळी झालेली गाय

माझं शुद्धलेखन वाईट आहे आणि अक्षर त्याहून वाईट, तेव्हा आधीच माफी मागते. चौथीपर्यंत शिकले ती कन्नड शाळेत. मराठी अक्षरं वडिलांनी घरी दाखवली, त्यामुळे वेलांटी कुठली द्यायची ते अजून अंदाजानेच ठरवते. हे कुणाला दाखवायचं नाही. पण तोंडाने मला हे नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहिते.

बनशंकरीत आमच्या घरामागे पत्र्याच्या आडोशाला दोन गाई होत्या. त्यातली काळी गाय दिवस भरायच्या आत गाभडली. वासरू मेलेलं, अर्धंच बाहेर आलेलं. नवऱ्याने ते हातांनी ओढून काढलं, मागून पडलेली वारही हातानेच उचलली. गवत कापून त्याच्या बोटांना चिरा पडलेल्या होत्या.

"हाताला काहीतरी बांधा तरी," मी म्हटलं.

"तू पाणी आण. गाय आहे ती, नाग नव्हे."

मी पाणी आणलं.

आमच्या घरात गाभडली असं कुणी म्हणत नाही, वाईट वाटतं. मोकळी झाली म्हणतात. गाय नीट व्याली तरी तेच, बाई बाळंत झाली तरी तेच.

पुढच्या महिन्यात गाय विकायला काढली. घ्यायला आल्या त्या नवऱ्याच्या नात्यातल्या एक अक्का, पलीकडच्या गल्लीतल्या.

"कधी व्याली गं?"

"महिना झाला मोकळी होऊन."

"आणि वासरू?"

"राहिलं नाही, अक्का."

"अय्यो, बिचारी. दूध देते ना? सरी, चालेल मग."

मी बोलले त्यात एक शब्द खोटा नव्हता. मी मान खाली घालूनच बोलते हे त्यांना ठाऊक होतं, त्यामुळे त्यांना त्यात वेगळं काही दिसलं नाही.

मग नवऱ्याला ताप यायला लागला. सकाळी बरा असायचा, संध्याकाळी अंग तापायचं, रात्री घामाने चादर भिजायची. कंबर इतकी दुखे की बसलेला उठेना. आधी टायफॉइडची औषधं झाली, काही फरक पडला नाही. शेवटी मोठ्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं आणि विचारलं, "घरी जनावरं आहेत? एखादी गाय गाभडली का?"

कन्नडमध्ये त्यांनी सरळ तोच शब्द वापरला. नवराच म्हणाला, "हो. वासरू मीच ओढलं."

"हातमोजे?"

"आम्ही काय डॉक्टर आहोत, मोजे घालायला?" तो हसला. त्या हसल्या नाहीत.

आजाराचं नाव ब्रुसेलोसिस. अशा गाईच्या वारेतून, रक्तातून तो चिरलेल्या कातडीवाटे शिरतो, कच्च्या दुधातूनही होतो. बरा होतो, पण गोळ्या दीड महिना एकही न चुकवता घ्याव्या लागतात. मग त्या म्हणाल्या, "ती गाय आता कुठे आहे? तिचं दूध कुणी न उकळता पीत नाही ना?"

अक्कांकडे दर सोमवारी शंकराला निरशा दुधाचा अभिषेक असतो. उरलेलं दूध तीर्थ म्हणून त्या स्वतः पितात. मी हे कित्येकदा पाहिलेलं.

"आजच जाऊन सांग," नवरा खाटेवरून म्हणाला. मी गेले नाही. दुसऱ्या दिवशीही गेले नाही. गाईचे पैसे दवाखान्यात चालले होते, सांगितलं की परत मागतील, हेच डोक्यात. मधे एक सोमवार येऊन गेला. तो सोमवार अजून माझ्या मनातून सुटत नाही.

गेले तेव्हा भर दुपारी अक्का शाल घेऊन बसलेल्या. "स्वल्प ताप आहे गं, वयच झालं."

मी सगळं सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही.

"मोकळी झाली म्हणालीस ना तू?"

"हो."

"अगं, सरळ सांगायचं. दोन हजार कमी दिले असते आणि दूध उकळलं असतं. देवालासुद्धा उकळलेलं चाललं असतं."

त्यांच्या रक्तातही तो आजार निघाला. तो मधल्या त्या सोमवारच्या दुधातून आला की आधीच्या, हे डॉक्टरीणबाईंनाही सांगता आलं नाही. मी विचारलं होतं.

गाय आम्ही परत आणली. जनावरांच्या डॉक्टरांनी तिला वेगळी बांधायला लावली, दूध विकणं बंद केलं. नवरा गोळ्यांनी उठला. अक्कांचा ताप गेला, गुडघे मात्र धरलेलेच राहिले. पैसे एकदम द्यायला नव्हते. मी इंदिरानगरला एका ऑफिसच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायला लागले आणि पगार झाला की त्यातले अक्कांना नेऊन देत गेले. त्यांचा मुलगा दारातच म्हणायचा, "आली बघ, काळ्या गाईची मालकीण." अक्का त्याला गप्प करायच्या. मला वाटायचं, बोलू दे.

गेल्या आठवड्यात शेवटचे दिले. अक्कांनी मोजून घेतले, भिंतीला धरून उठल्या आणि कपाटात ठेवून आल्या. सुनेला हाक मारून कॉफी करायला सांगितली. मी ती प्यायले. गाईचे पैसे पूर्ण फिटले.