इंगोले सरांचा हमखास किस्सा

प्रा. पंजाबराव इंगोले पांढरकवड्याच्या आमच्या कॉलेजात एकतीस वर्षं मानसशास्त्र शिकवत होते. माणसाच्या मनाची त्यांना माहिती भरपूर होती, कदर मात्र काडीची नव्हती. मी तिथला क्लार्क, देवीलाल. सगळं जवळून पाहिलंय.

सर राजूरच्या खाणकामगाराचं पोर. शिकून वर आले, त्याचं कौतुक मलाही आहे. पण वर आल्यावर खालच्यांना हसायची खोड लागली. दरवर्षी पदवीदानाला बाहेरचा वक्ता यायचा आणि सर खुर्चीत बसून जळायचे. शेवटी यंदा, निवृत्तीच्या वर्षी, संस्थेनं प्रमुख वक्ते म्हणून त्यांनाच निवडलं.

कॉलेजात झाडझूड करायला मानीबाई होती. मानसशास्त्राच्या प्रॅक्टिकलला प्रत्येक पोराला प्रयोगासाठी एक माणूस आणावा लागतो. कुणाचा माणूस आला नाही की सर मानीबाईला खुर्चीवर बसवायचे. डोळ्यांवर पट्टी, हातात काडी, आणि लाकडी भूलभुलैयातून वाट काढायची. बावीस वर्षं ती हे परीक्षा समजून देत होती. उठताना विचारायची, "सर, पास झाली काय मी?" सर म्हणायचे, "फर्स्ट क्लास!" ती हरखून जायची, पोडावर, म्हणजे तिच्या वस्तीवर, सगळ्यांना सांगायची. वर्गात मात्र सर तिचे खरे आकडे सांगून पोरांना हसवायचे. तोच त्यांचा हमखास किस्सा.

यंदा मानीबाईची नात अर्पिता बी.ए. झाली. लेकीची लेक, आडनाव वेगळं. शिपाईबाई आपली आजी आहे हे तिनं कॉलेजात कुणालाच कळू दिलं नव्हतं. फॉर्म मी भरला म्हणून मला ठाऊक. मानीबाईची त्याला ना नव्हती. नातीची पदवी एकदा हातात धरून पाहायची, एवढंच तिला हवं होतं.

समारंभाच्या सकाळी मी सरांना गाठलं. "सर, मानीबाई आज समोरच बसणार हाये. तो किस्सा नका सांगू. तिले ते फर्स्ट क्लास खरं वाटते."

"मंग तं मजाच येईन," सर म्हणाले. "अन् किस्सा काढला तं माह्या भाषणात उरते काय?"

हे मात्र खरं बोलले.

भाषणात त्यांनी तिला नाव घेऊन उभं केलं. नवं पातळ नेसलेली मानीबाई उठली, सगळ्यांना हात जोडून उभी राहिली. ती तशी उभी असतानाच सरांनी आकडे सांगितले. साधा माणूस दहा-बारा फेऱ्यांत बाहेर पडतो, हिला बत्तीस फेऱ्यांतही वाट सापडली नाही. बुद्ध्यांक अडुसष्ट. "अन् बाई मलेच विचारते, पास झाली काय!"

गाऊन घातलेली पोरं पोट धरून हसली. अर्पिताही हसली. मला सरांची शिसारी आली आणि स्वतःचीही, कारण मी जागचा हललो नाही. मानीबाई जोडलेले हात न सोडताच खाली बसली.

नंतर मंडपात अर्पिता पदवी घेऊन मैत्रिणींबरोबर आली. मानीबाईनं हात पुढे केला.

"ह्या तर त्या किश्शातल्या!" एक मैत्रीण म्हणाली. "तुले काहून बोलवून राह्यल्या? तुह्या कोणी लागतात काय?"

अर्पिताचा चेहरा उतरला.

"कोणी नाही लागत," मानीबाईच म्हणाली. "बाजूले व्हा पोरीहो, खुर्च्या उचलाच्या हायेत."

आणि पुढे केलेल्या त्याच हातानं तिनं अर्पिताजवळची खुर्ची उचलली.