नीलाबाईने पाहिलेली तीन शहरं

चामोर्शीच्या आमच्या गल्लीतून नीलाबाई भांडेकरच्या नजरेला न पडता बाजारात जाणं आजवर कोणाला साधलेलं नाही. दाराशी बाज टाकून ती बसलेली असते, मांडीवर सूप, सुपात काहीतरी निवडायचं. समोरून कोणी गेलं की मान वर न करताच विचारते, "कुठी चालली वो?" गडी माणूस असला तर, "कुठी चालला गा?" यात चौकशी काही नसते. "इथीच" एवढं म्हटलं तरी तिचं समाधान होतं. आमच्याकडे हाच रामराम. एकदा तिने आमच्या ह्यांना, म्हणजे नथ्थूभाऊंना, विचारलं नाही, तर हे चौकातून परत फिरून पुन्हा तिच्या दारावरून गेले. तेव्हा तिने विचारलं. मग हे समाधानाने पान खायला गेले.

मी तिची शेजारीण, भिंतीला भिंत लागून. तिच्याकडे काय शिजतंय ते मला फोडणीच्या वासावरून कळतं आणि माझ्याकडे काय बिनसलंय ते तिला भांड्यांच्या आवाजावरून. तेव्हा या गोष्टीतलं निम्मं मी पाहिलेलं आहे, निम्मं तिच्या तोंडून ऐकलेलं, आणि उरलेलं तिच्या लेकीकडून फोनवर काढून घेतलेलं आहे. त्या कामात मी कोणाला हार जात नाही.

मागच्या श्रावणात एका सकाळी मी तिच्या दारावरून गेले आणि मला कोणी काही विचारलं नाही. चार पावलं पुढे गेल्यावर ते खटकलं. परत येऊन आत डोकावले, तर बाई मोरीत पडलेली. गुडघा सुजून टमाट्यासारखा झालेला, आणि मला पाहून म्हणते काय, "कमळे, आधी गॅस बंद कर, दूध उतू जाऊन राह्यलं."

हाड मोडलं नव्हतं, पण पोरं घाबरली. तिघं तीन शहरांत. थोरला विक्की नागपूरला, मधला निकेश पुण्याला, धाकटी रीता हैदराबादला. सगळे धावत आले आणि ओसरीवर सभा भरली. आईने आता एकटं राहायचं नाही, दिवाळीनंतर मुलाकडे जायचं, असं ठरलं. कोणत्या मुलाकडे, एवढंच आईने सांगायचं होतं. रीता कोपऱ्यात बसून होती. तिचं नाव कोणी घेतलं नाही. दोन दोन मुलगे असताना आई लेकीच्या घरी राहायला गेली, तर गावात तोंड कसं दाखवायचं, हे विक्कीच्या चेहऱ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं.

नीलाबाई गुडघ्याला तेल चोळत म्हणाली, "घरं त मी तुमची पाह्यली हायत. मले शेजार पाहाचा हाय. पाहून येतो, मंग सांगतो."

"शेजारी काय पाहायचे आई?" निकेश म्हणाला. तो पुण्याला राहून जरा पुण्यासारखं बोलतो.

"तुम्ही दिवसभर ड्युटीवर. पोरं शाळेत. मी का भिंतीशी बोलू?"

मला मनातून हसू आलं, कारण माझ्याशी तिचं अर्धं बोलणं भिंतीतूनच चालतं.

तर बाई निघाली मुली पाहायला निघावं तशी शहरं पाहायला. आधी नागपूर, कारण जवळ. तिथल्या माणसांचं ती अजून कौतुक करते. लिफ्टमध्ये तिने पहिल्याच दिवशी एकाला विचारलं, "कुठी चालले भाऊ?" तर त्या माणसाने खाली पोचेपर्यंत आपल्या साल्याच्या लग्नाची सगळी हकीकत सांगितली, मग फाटकापर्यंत साल्याच्या बायकोची. जाताना म्हणाला, "या न काकू घरी चहाले!" दुसऱ्या बाईने सावजी जेवणाचं आमंत्रण दिलं. तिसरीने तर गळ्यालाच मिठी मारली. नीलाबाई हरखली. दुसऱ्या दिवशी नवं लुगडं नेसून चहाला जायला तयार झाली, तेव्हा लक्षात आलं की घर कोणतं, कितव्या माळ्यावर, हे कोणीच सांगितलेलं नाही. पुन्हा लिफ्टमध्ये तोच भाऊ भेटला. तो पुन्हा तितक्याच प्रेमाने म्हणाला, "काकू, नवीन आल्या का? या न चहाले!"

"माणूस लाख मोलाचा," नीलाबाईने मला सांगितलं, "पण त्याले मी आठवली नाई वो."

मग पुणं. तिथे कोणी वाकडं बोललं असेल म्हणून मी कान टवकारून बसले होते. पण नाही. तिथे सगळे सकाळी बागेत "नमस्कार, आजी" म्हणायचे. निकेशने सोसायटीच्या ग्रुपवर आईचा फोटो टाकला होता, म्हणून नावही सगळ्यांना पाठ. गुडघ्यासाठी कोणी पट्टा आणून दिला, कोणी डॉक्टरचं नाव. आणि हिने कुठे चाललात म्हणून विचारलं, तर उत्तर अगदी पूर्ण. "साडेअकराला दातांच्या डॉक्टरकडे, येताना भाजी, एकपर्यंत परत." एवढं सांगून माणूस निघून जायचा.

"मंग वाईट का हाय त्यात?" मी विचारलं.

"वाईट काहीच नाई. पण इतकं सांगून टाकलं तर मी पुढं का विचारू?"

घ्या! पुण्याच्या लोकांनी खरं बोलून तिची पंचाईत केली.

हैदराबादला ती खरं म्हणजे रीताला भेटायला म्हणून गेली. तिथे राहायचं नव्हतंच. नीलाबाईचं माहेर तेलुगू मुलखाला लागून असलेल्या सिरोंच्याकडचं, त्यामुळे लहानपणीचं तेलुगू तिच्या तोंडात अजून थोडं शिल्लक आहे, पाटीवरच्या पुसलेल्या अक्षरांसारखं. रीता एका दवाखान्याच्या लॅबमध्ये, जावई राजदीप गोदामावर. सकाळी दोघं गेली की संध्याकाळपर्यंत घर रिकामं. जुनी इमारत, लिफ्ट नाही, लांब व्हरांडा आणि समोरासमोर दारं. समोरच्या दारात एक म्हातारी राहते, सत्यवतम्मा. एकटीच. मुलगा परदेशात. पांढरे केस घट्ट बांधलेले, इस्त्रीची सुती साडी आणि चेहरा असा, की दूधवालाही पैसे मागायला दोनदा विचार करतो.

नीलाबाईने पहिल्याच दिवशी तिला गाठलं. सत्यवतम्मा कुलूप लावून निघाली आणि ही व्हरांड्यात टाकलेल्या चटईवरून म्हणाली, "एक्कडिकि?" म्हणजे कुठी?

सत्यवतम्मा थबकली. हिच्याकडे पाहिलं. मग कुलूप उघडून परत आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली आणि एक शब्द न बोलता जिना उतरून गेली.

नीलाबाईला वाटलं, काही विसरली असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. कुलूप उघडलं, आत गेली, थांबून बाहेर आली. "मले वाटलं, बाई इसरभोळी हाय," नीलाबाई म्हणते, "म्हणून मी मुद्दाम रोज इचारू लागली. आठवण कराले."

हे असं बरेच दिवस चाललं. एका सकाळी मात्र सत्यवतम्मा आत जाऊन आली, खाली गेली आणि थोड्या वेळात धापा टाकत वर परतली. आणि व्हरांड्यात उभी राहून जी सुरू झाली! नीलाबाईला त्यातलं अर्धंच तेलुगू कळलं, पण राग ओळखायला भाषा लागत नाही. सगळी दारं उघडली, सगळ्यांनी पाहिलं. आमची बाई चटईवर सूप धरून बसलेली.

संध्याकाळी रीताने उलगडा केला. "आई, निघताना कुठे म्हणून टोकलेलं त्यांना चालत नाही. अपशकुन. घरात जायचं, पाणी प्यायचं, थोडं बसायचं आणि मग पुन्हा निघायचं. आज त्यांचा डोळ्यांच्या डॉक्टरचा नंबर गेला तुझ्यामुळे. मला या इमारतीत राहायचं आहे गं. आता कोणाला काही विचारू नको."

लेकीच्या तोंडचं हे शेवटचं वाक्य नीलाबाईला लागलं. गावी परतल्यावर ती मला म्हणाली, "कमळे, मी तिले रोज माघारी पाठवत होती वो. डोळे अधू, आन मी रोज तिले परत कुलूप उघडाले लावत होती." हे सांगताना तिने पदर नाकाला लावला. मी थट्टा करणार होते, पण राहू दिलं.

दुसऱ्या दिवसापासून ती चटईवर बसायची, पण भिंतीकडे तोंड करून. समोरचं कुलूप वाजलं की मान खाली. कोणी टोकायचं तर सोडाच, कोणी पाहिलं असंही होऊ नये म्हणून. परतीचं तिकीट काढायला तिने रीताला सांगूनही टाकलं.

एक दिवस कुलूप वाजलं, चपला वाजल्या आणि थांबल्या. नीलाबाई भिंतीकडे पाहत राहिली. चपला हलेनात. आता ही का करते बाई, म्हणून हिने मान आणखी खाली घातली. मग मागून आवाज आला, कोरडा, रागावल्यासारखाच.

"गुडिकि."

म्हणजे देवळात.

आणि चपला जिना उतरून गेल्या.

नीलाबाईने मान वळवेपर्यंत व्हरांडा रिकामा. दुपारी पुन्हा जिन्यावर आवाज. सत्यवतम्मा कुलूप उघडता उघडता म्हणाली, "वच्चानु." आले.

तेव्हापासून ती रोज सांगू लागली. आधी एकच शब्द. बँक. भाजी. डॉक्टर. हिने विचारायचं नाही आणि तिने सांगायचं, मग टोकणं होत नाही. पुढे पुढे ती परत आल्यावर पायरीवर टेकायची आणि कुठे काय झालं तेही सांगायची. एकदा देवळात गर्दी होती म्हणून तिला उशीर झाला, तर नीलाबाई सुजका गुडघा घेऊन खालच्या फाटकाशी जाऊन उभी. सत्यवतम्माने रिक्षातून उतरताच तिला झाप झाप झापलं, की या गुडघ्याने जिना उतरलीसच कशी. मग दोघी एकमेकींना धरून वर चढल्या. कोण कोणाला चढवत होतं ते रीताला काही कळलं नाही म्हणे.

दिवाळीला सगळी पोरं पुन्हा ओसरीवर. गल्लीही जमली होती. फराळाचं निमित्त होतं, खरं म्हणजे सगळ्यांना निकाल ऐकायचा होता. मी सर्वांत पुढे.

"हं आई," विक्की म्हणाला, "नागपूर का पुणे?"

"हैदराबाद."

राजदीपच्या हातातला चिवडा हातातच राहिला. विक्की उठून उभा झाला. "म्हणजे आम्ही मेलो का? लोक का म्हणतीन? दोन पोरं असून बाई जावयाच्या घरी!"

"लोक इथीच बसले हायत," नीलाबाईने आमच्याकडे हात केला. "इचार त्याईले."

सगळे एकदम चकल्या खायला लागले. नथ्थूभाऊंनी तर तोंडात दोन कोंबल्या.

"नागपूरचे लोक गोड नाहीत का?" निकेशने विचारलं. "आणि आमच्याकडे तुला काय कमी होतं?"

"काही कमी नव्हतं बाबू. दोन्हीकडचे लोक लय चांगले. हैदराबादची ती म्हातारी पहिल्यांदा तर मले खाऊन टाकाले उठली होती. पण नागपूरले मी नाई गेली तर कोणाचं अडत नाई. पुण्याले बी नाई. थिथी एक बाई कुठी चालली हे मले सांगून जाते. मी नाई रायली, तर कोणाले सांगल थे? आली का नाई आली, कोण पाहल?"

विक्की खाली बसला. त्याने आईच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि कोणाकडे न पाहता विचारलं, "तिथी जिना लय हाय का?"

रीता रडत होती. मी पण डोळे पुसले, आणि नथ्थूभाऊंना सांगितलं की चकलीत तिखट जास्त झालं.

आता खरं सांगायचं तर मला तिचा रागच आला होता. मोरीतून तिला उचलली कोणी? पण ती निघायच्या आदल्या दिवशी तिच्यासाठी लाखोळीची डाळ बांधताना मी दोन पुड्या केल्या. दुसरी त्या इस्त्रीच्या साडीवालीसाठी.

पौषात सत्यवतम्माच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मुलगा परदेशातून येऊ शकला नाही. रीताने फोनवर सांगितलं ते असं. दवाखान्यात नर्स आली आणि पेशंटसोबत नातेवाईक कोण म्हणून विचारू लागली. नीलाबाई खुर्चीत बसलेली, एका हातात थैली, दुसरा हात सत्यवतम्माच्या मुठीत. ती आपल्या मोडक्या तेलुगूत म्हणाली, मी समोरच्या घरची.

नर्स म्हणाली, इथे फक्त नातेवाईकच थांबू शकतात.

"त्याईले थांबवा मंग," नीलाबाई चक्क आपल्या गावाकडच्या झाडीच्या बोलीत म्हणाली. "नातेवाईक आला की मी उठतो."

डोळ्यावर पट्टी बांधलेली सत्यवतम्मा यावर काहीतरी बोलली आणि नर्स नीलाबाईला तिथेच बसू देऊन हसत निघून गेली. काय बोलली, ते रीताने नंतर विचारलं. पण दोघी म्हाताऱ्या काही केल्या सांगेनात.