देवघरातलं क्रेडिट कार्ड

भिशीत म्हणे पैसे साठतात. आमच्या अमेरिकेतल्या प्लेनोच्या भिशीत पैशांच्या आधी किस्से साठले! दर महिन्याला प्रत्येक घराने सारखी रक्कम घालायची, ज्याची चिठ्ठी निघेल त्याने सगळी उचलायची. जमायचं सुमनकाकूंकडे. काकू मुलाकडे राहायला आलेल्या, पण वसुलीत एकदम कडक.

भिशीतल्या मंदारला धीर म्हणून नाही. मागच्या भिशीत पहिलाच नंबर लागला, तर गडी थेट दुकानात! ही एवढी मोठी बार्बेक्यू ग्रिल घेऊन आला. अपार्टमेंटच्या बाल्कनीत ग्रिल चालत नाही, हे घरी आणल्यावर कळलं. ती अजून आमच्या बॅकयार्डात आहे. कणसं मस्त भाजतात.

माझा नवरा श्रीरंग याच्या बरोब्बर उलट. आणखी चांगलं डील येईल म्हणून सोफा घ्यायला दीड वर्ष थांबला. तोवर पाहुणे हवेच्या गादीवर! एकदा काकू टेकल्या आणि गादी फुस्स!

"श्रीरंग, आता तरी घे रे!" काकू जमिनीवरूनच ओरडल्या.

"काकू, थँक्सगिव्हिंगच्या सेलपर्यंत थांबू या ना!"

पण मंदारचं प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. त्याच्या बायकोला, ऋताला, नर्सिंगला जायचं होतं आणि फीसाठी बाजूला टाकलेले पैसे दर वेळी कार्डाच्या व्याजात जायचे. फार वाईट वाटायचं. शेवटी तिने त्याच्या फोनमधलं कार्ड डिलीट केलं आणि खरं कार्ड काकूंच्या देवघरात ठेवलं.

पुढच्याच शनिवारी मंदार हजर.

"काकू, कार्ड द्या ना! ड्रोनचा सेल आहे, फक्त आजच!"

"अंघोळ झाली?"

"नाही."

"मग करून ये. पारोशाने देवघराला हात लावायचा नाही."

घरी गेला, गरम पाण्याने अंघोळ केली आणि जरा आडवा झाला. उठला तेव्हा सेल संपला होता!

नव्या भिशीत तिसऱ्याच महिन्यात त्याची चिठ्ठी निघाली. ऋता बशीतल्या चिवड्याकडे बघत बसली.

"माझी चिठ्ठी बाजूला ठेवा यार," मंदार म्हणाला. "मी शेवटी घेतो. फी ऑगस्टमध्ये आहे, तोवर पैसे हातात नकोत."

मी अशा टाळ्या वाजवल्या की काय सांगू!

ऑगस्टमध्ये आम्ही काकूंकडे चहाला बसलो होतो, तर दारात मंदार आणि ऋता. मंदारचे केस ओले. काकूंनी निमूटपणे कार्ड काढलं.

"आता काय घेतोयस?"

"कार्ड नको, काकू. ऋताची फी भरली. पूर्ण! देवापुढे पेढे ठेवायला आलोय."

काकूंचे डोळे भरून आले. "नैवेद्य होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही हं!"

आम्ही डोळे मिटले. उघडले, तर एक पेढा कमी!

"मंदार!" काकू कडाडल्या.

मंदार हात जोडून उभा होता. ऋताने हसत बोट दाखवलं. श्रीरंगचं तोंड भरलेलं होतं!