पोचा पडलेला पृथ्वीगोल

आमच्या दोन शाळांमध्ये एकच भिंत. अलीकडे माझी, जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंत. पलीकडे आठवी ते दहावी. ती खासगी, विनाअनुदानित. म्हणजे शाळेला सरकारची मान्यता आहे, शिक्षकाला पगार नाही. तिथं माझा धाकटा भाऊ गणित-विज्ञान शिकवतो.

आम्ही दोघं एकाच कॉलेजात शिकलो आणि खरं सांगते, डोकं त्याचंच जास्त. माझ्या वेळी भरती निघाली, त्याच्या वेळी बंद झाली, एवढाच काय तो फरक. सोयाबीनच्या दिवसांत रविवारी तो लोकांच्या मळणीयंत्रावर जायचा आणि सोमवारी नाकातला भुसा शिंकरत बीजगणित शिकवायचा. किन्हीराजा गावी त्याच्यासाठी मुलगी पाहायला गेलो, तर तिच्या बापानं पाण्याचा तांब्या पुढे करायच्या आधी विचारलं, "शाळा अनुदानित हाय का?" परतताना हा लेकाचा मोटारसायकलवर हसत होता. माझा मात्र जीव तुटत होता.

मग एकदाची अनुदानासाठी तपासणी लागली. आदल्या दिवशी भाऊ भिंतीपाशी उभा.

"ताई, साहेबाले प्रयोगशाळा दाखवा लागते. नकाशे पाह्यजेत, गोल पाह्यजे. आमच्याकडं निस्ता खडू हाय."

"मंग मी काय करू?"

"तुह्यं दे ना दोन दिस. ह्या खेपेले नाई झालं तं म्या शाळा सोडली म्हणून समज."

"बह्याडा, माही नोकरी घालवतं का?" मी ओरडले खरी, पण तो शाळा सोडणार हे ऐकून कपाटाची किल्ली शोधायला लागले. संध्याकाळी माझ्याच पोरांनी वरात काढली: कपाट, नकाशे, सूक्ष्मदर्शक, पृथ्वीगोल. कपाटाच्या मागे 'जि. प. शाळा' असं रंगवलेलं होतं, ती बाजू भावानं भिंतीला लावली. मोठा शहाणा!

दुसऱ्या दिवशी साहेबांनी गोल फिरवला आणि नववीतल्या एका मुलीला आफ्रिका दाखवायला सांगितली. तिनं बरोबर बोट ठेवलं. वर म्हणाली, "हा पोचा मीच पाडला साहेब, सहावीत असताना. बाई मले लय रागावल्या होत्या."

साहेबांनी गोल खाली ठेवला. भिंतीला वळसा घालून सरळ माझ्या शाळेत आले. भिंतीवर नुसते खिळे.

"बाई, साहित्य कुठाय?"

"दुरुस्तीला दिलंय साहेब."

"सगळंच?"

मी खिचडीची वाटी पुढे केली. त्यांनी पोरांची खिचडी चाखली, भेटपुस्तिकेत सही केली आणि गेले. आठ दिवसांत मला कारणे दाखवा नोटीस आली: शासकीय साहित्य परस्पर दुसऱ्या शाळेस का दिले?

भाऊ रडकुंडीला आला. "ताई, म्या चोरून नेलं असं लिहून देतो."

"गप बस. एवढा मोठा कपाटचोर कोन्या साहेबाले पटंन?"

तीन कागद फाडले मी. काय लिहायचं? दर वेळी ती आफ्रिकेवर बोट ठेवलेली मुलगीच डोळ्यांपुढं यायची. तिच्या घरचे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, ती आत्याकडं राहून शिकते. शेवटी राग आला आणि रागातच लिहिलं: 'सदर मुले सातवीपर्यंत माझ्याकडे होती, तेव्हा त्यांना पृथ्वीगोल मिळत होता. आठवीला ती भिंतीपलीकडे गेली आणि मिळेनासा झाला. मुले तीच आहेत. साहित्य त्यांच्याकडे नेले. चूक मान्य आहे.'

महिनाभरानं माझ्या हातात सक्त ताकीद पडली. सेवापुस्तकात नोंदच! कपाळाला हात लावून मी वर्गात बसले होते, तेवढ्यात भाऊ कागद फडकवत आला. त्याची शाळा अनुदानाला पात्र ठरली होती. अहवालात साहेबांनी लिहिलं होतं, साहित्य नाही, शासनानं ते पुरवावं, शिकवणं उत्तम.

त्यानं दोन्ही कागद माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"ताई, सही पाह्य. दोन्हीवर एकच हाय, त्याच साहेबाची."

मग मात्र मला रडू आवरेना. पोरं टकामका पाहत होती. पाहू देत.