किल्लीवाल्याचा सल्ला

किल्लीवाल्याला राग यायला कारण लागत नसे. कारण तो मागाहून शोधायचा. बाजाराच्या कोपऱ्यावर, बंद पडलेल्या घड्याळाच्या दुकानाच्या पायरीवर तो बत्तीस वर्षं बसत आला होता. पुढ्यात लाकडी पेटी, पेटीवर लोखंडी पकड, वर तारेला लटकलेल्या कोऱ्या किल्ल्या. एखादं गिऱ्हाईक "जरा लवकर" म्हणालं की तो हातातली कानस खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "मग तूच घास." पण त्याने घासलेली किल्ली पहिल्याच फेऱ्यात फिरायची, म्हणून लोक ऐकून घेत. दुभत्या गाईच्या लाथा गोड, दुसरं काय!

पायरीवरच्या कामापेक्षा त्याला मिरवायला आवडायचं ते बँकेचं काम. कुणाचं कर्ज थकलं, घराचा ताबा घ्यायचं ठरलं, की बँकेचे वसुलीवाले साहेब त्याला फोन करायचे. जुनं कुलूप कापायचं, नवं बसवायचं, किल्ल्या साहेबांच्या हातात द्यायच्या आणि चहा पिऊन निघायचं. बारा वर्षांत त्याने अशी तीसेक दारं उघडली होती. आत नळाखाली लावून ठेवलेली बादली असे, गादीखाली न फोडलेली पाकिटं असत, एकदा तर पंखा चालू होता. तो बघायचा नाही. बघितलं की हात कापतो, असं तो स्वतःच सांगायचा.

न बघता त्याने एक गोष्ट मात्र हेरली होती. यातल्या बऱ्याच घरांतला कमावता माणूस वर्ष-दोन वर्षांत वारलेला असे. त्यावरून त्याने सिद्धांत मांडला होता की मेलेल्या माणसाचा वास बँकेला सगळ्यांत आधी लागतो. "माणूस गेला की यांची गिधाडं निघालीच. म्हणून त्यांना कळूच द्यायचं नाही," तो पायरीवर बसून जगाला सांगायचा. कुणी विचारलं, तुला काय ठाऊक, तर तो पेटीवर थाप मारायचा. "तीस दारं उघडलीत मी. तुम्ही किती उघडलीत?" यावर कोण काय बोलणार?

त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा रंगारी होता. लोकांच्या भिंती रंगवून उरलेला रंग तो घरी आणायचा, त्यामुळे त्या घरातली एक भिंत निळी, दुसरी पिवळट आणि जिना दवाखान्यासारखा फिकट हिरवा. घर त्याच्या वडिलांचं, खाली दोन खोल्यांचं. वर आणखी एक खोली चढवायची म्हणून त्याने ते बँकेकडे गहाण ठेवून कर्ज काढलं. खोली झाली, पण तिला रंग द्यायचा राहिला. एका परक्या जिन्यात ब्रश हातात असतानाच त्याच्या छातीत कळ आली आणि तासाभरात सगळं संपलं.

तिसऱ्या दिवशी घरातली माणसं पांगली तेव्हा किल्लीवाल्याने धाकटीला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं.

"नीट ऐक. बँकेला कळता कामा नये. हप्ता त्याच्या खात्यातून कापला जातो ना? कापला जाऊ दे. आपण खात्यात पैसे भरत राहू. पत्र आलं तर सही करायची नाही, परत पाठवायचं. फोन आला तर बाहेर गेलेत म्हणायचं."

"असं किती दिवस, दादा?"

"कर्ज फिटेपर्यंत. मला शिकवू नकोस. तीस दारं उघडलीत मी."

धाकटी कपड्यांच्या इस्त्रीच्या दुकानात कामाला होती. तिने दोन पाळ्या धरल्या. आठ महिने हप्ते गेले. अडलं तिथे किल्लीवाल्यानेही भर घातली, तोंडाने शिव्या देत का होईना. मग इस्त्रीच्या वाफेने तिचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. तीन महिने घरी बसावं लागलं, तेवढ्यात दुकानमालकाने दुसरी बाई ठेवली. हप्ते थकले. जाड पाकिटं यायला लागली आणि दादाच्या शिस्तीप्रमाणे परत जायला लागली. दारावर कुणी कागद चिकटवून गेलं की दादा कामावर जाताना तो फाडून टाकायचा. असं करता करता रंगारी जाऊन दीड वर्ष झालं.

आणि एका सकाळी साहेबांचा फोन आला. "उद्या अकराला एक ताबा आहे. पत्ता लिहून घे." किल्लीवाल्याने कानावरची पेन्सिल काढली, पत्ता लिहायला घेतला आणि घराचा नंबर लिहिता लिहिता थांबला. नंबर धाकटीच्या घराचा होता.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पेटी तशीच उघडी टाकून तो बँकेत घुसला. दारावरचा शिपाई "अहो, रांग" म्हणाला, त्याच्याकडे त्याने असं बघितलं की शिपायाने रांगेलाच मागे सरकवलं.

"बहिणीचं घर आहे ते माझ्या!" तो साहेबांच्या टेबलावर हात आपटून ओरडला. "विधवा बाई आहे. हात भाजलाय तिचा. मेलेल्या माणसाच्या घरावर धाड घालता, लाज नाही वाटत?"

साहेब चहाचा कप तोंडाशी नेत होते, तो त्यांनी खाली ठेवला. "मेलेल्या? कोण मेलं?"

"माझा मेहुणा. दीड वर्ष झालं."

साहेबांनी कागदांचा गठ्ठा ओढला. पानं उलटली, एका पानावर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते बोट तिथून हलवलं नाही. मग म्हणाले, "अरे शहाण्या, या कर्जाला विमा होता. कर्ज देतानाच त्याचे पैसे कापून घेतलेत. कर्जदार वारला की उरलेलं कर्ज विमा कंपनी भरते. त्याच महिन्यात मृत्यूचा दाखला आणून दिला असता तर हे घर दीड वर्षापूर्वीच मोकळं झालं असतं."

आठ महिन्यांचे हप्ते, दोन पाळ्या, तो भाजलेला हात, सगळं किल्लीवाल्याच्या डोळ्यांपुढून गेलं. कर्ज नसलेल्या घराचं कर्ज ते फेडत होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं तो उभा जन्म दुसऱ्यांना ऐकवत आला होता.

"मग सांगितलं का नाही कुणी?" त्याने विचारलं.

"कुणाला सांगायचं? पत्रं परत आली. फोन केला की एकच उत्तर, ते बाहेर गेलेत."

"आणि ती बाकीची घरं? ज्यांची कुलपं मी कापली? त्यांतलेही मेलेले होते ना? त्यांचा विमा नव्हता?"

साहेबांनी खिडकीकडे बघितलं. "असेल काहींचा. ज्याने विचारलं त्याला मिळालं. न विचारणाऱ्याला शोधत फिरणं हे माझं काम नाही."

बारा वर्षं किल्लीवाल्याने या माणसाचा चहा प्यायला होता. न विचारणारे म्हणजे कोण, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? नवरा गेल्यावर कागदाला हात लावायची भीती वाटणाऱ्या बाया. पाकिटं गादीखाली सारणारे म्हातारे. त्यांच्या अज्ञानावर कुलूप बसवून किल्ली यांच्या हातात द्यायला तोच जात होता, आणि पैसे मोजून घेत होता. साहेबांची गचांडी धरावी असं त्याला वाटलं. पण मग स्वतःची कुणी धरायची?

"उशिराचा अर्जही कंपनी घेते," साहेब जरा नरमाईने म्हणाले. "कारण पटलं पाहिजे, बस. आज चारच्या आत बायकोच्या सहीचा अर्ज आणि दाखला आला तर उद्याचा ताबा मी थांबवतो. चारनंतर माझ्या हातात काही नाही. आणि कारण खरं लिहा. आठ महिने हप्ते भरलेत, माहीत नव्हतं म्हणून चालायचं नाही."

धाकटी जिन्याच्या पायरीवर बसून डाव्या हाताने बटणं लावत होती. हल्ली ती घरी शर्टांना बटणं लावून द्यायची. किल्लीवाल्याने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सांगताना बँकेला चार शिव्या जास्त घातल्या, म्हणजे आपला भाग त्यात बुडून जाईल. बुडाला नाही. तिने सुई कापडात खोचली.

"म्हणजे मी सांगितलं असतं तर झालं असतं?"

"मला काय माहीत विमा आहे ते! त्या चोरांनी..."

"चोरांचं नंतर. तुझं बोल." ती उठली. तिचा आवाज चढलेला किल्लीवाल्याने जन्मात ऐकला नव्हता. "तू एकदा तरी म्हणालास का, चल, त्यांचे कागद काढून बघू? फडताळात आहेत ते, वरच्या कप्प्यात. तू इथे येऊन त्याच फडताळाला टेकून बसायचास आणि मला अक्कल शिकवायचास! हात भाजला तेव्हा काय म्हणालास? लक्ष कुठे असतं तुझं! दोन पाळ्या करून लक्ष कुठे असणार?"

"अगं, पण मी तुझ्या भल्यासाठीच..."

"दर दोन दिवसांनी फोन यायचा, दादा. साहेब आहेत का घरात? मी म्हणायचे, बाहेर गेलेत. कधी येतील? संध्याकाळी येतील. दहा महिने मी त्यांना संध्याकाळी घरी आणतेय. एकदा सहाला खरंच दोन कप ठेवले मी. तुला काय त्याचं! तू सिद्धांत सांगून मोकळा."

किल्लीवाल्याने कागद पुढे केला. "कारण लिहायचंय. मी लिहितो, तू सही कर."

"काय लिहिणार? घरच्यांचं अज्ञान?"

तेच त्याच्या मनात होतं.

"खरं लिही. तुझ्या हाताने. आणि मोठ्याने वाच."

साडेतीन वाजत आले होते. त्याने भिंतीला कागद टेकवून लिहिलं: माझ्या बहिणीला बँकेत कळवायचे होते. मी तिला कळवू दिले नाही. मला सर्व समजते असे मला वाटत होते. वाचताना तो तीनदा अडखळला, पण तिने सूट दिली नाही. शेवटपर्यंत वाचून घेतलं आणि मग डाव्या हाताने वाकडीतिकडी सही केली.

चारला सात मिनिटं कमी असताना ते बँकेत पोहोचले. खिडकीतल्या मुलीने कागद बघून मान हलवली. "कर्ज यांच्या नावावर आहे. यांना स्वतःला यावं लागेल."

"ते मेले," धाकटी म्हणाली. पुढे जरा मोठ्याने, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझा नवरा मेला. दीड वर्ष झालं. हा दाखला."

मुलीने निमूटपणे शिक्का उमटवला. साहेबांनी वर लिहिलं की निर्णय येईपर्यंत ताबा थांबवावा. दोघं बाहेर पायऱ्यांवर आले. घर वाचलं की नाही हे कंपनी ठरवणार होती. उद्याचे अकरा तेवढे टळले होते.

तेवढ्यात धाकटीचा फोन वाजला. दर दोन दिवसांनी फोन करणारी वसुलीची पोरगी होती. तिचा आवाज इतका मोठा की शेजारी उभ्या किल्लीवाल्यालाही स्पष्ट ऐकू येत होता.

"साहेब आहेत का घरात?"

"नाहीत. ते वारले."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग ती पोरगी, रोज शंभर जणांशी तेच बोलून कंटाळलेली, त्याच सुरात म्हणाली, "बरं, मग कधी येतील?"

धाकटीने फोन कानापासून दूर केला आणि भावाच्या हातात ठेवला.

"आता तू सांग," ती म्हणाली.