दुसरी कानूनवाली दीदी

सुहासिनी देवपुजारी हे नाव जबलपुरात फार थोड्यांना ठाऊक होतं. मदन महलपासून महाराजपुरापर्यंतच्या शाळांत त्या ‘कानूनवाली दीदी’ होत्या. सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वयंसेविकेचं प्रशिक्षण घेतलं, आणि गेली नऊ वर्षं त्या शाळांत नि वस्त्यांत कायदा समजावत फिरत होत्या. वकील नव्हत्या, पण वाचून वाचून कलमं तोंडपाठ झाली होती.

मग प्रणाली आली. वकिलीच्या शेवटच्या वर्षाची पोर. ती भाषण देतच नसे. वर्गातच कोर्ट भरवायची, एकाला न्यायाधीश करायची, एकीला सायकलचोर. पोरं हसून लोळायची आणि घरी जाऊन सगळं सांगायची. एकदा सदर नावाच्या भागातल्या शाळेत एक मुलगी ‘कानूनवाली दीदी’ म्हणत धावत आली. सुहासिनीताईंनी हात पुढे केला. मुलगी त्यांच्या बाजूनं पुढे जाऊन प्रणालीच्या गळ्यात पडली.

त्या दिवसापासून सुहासिनीताईंना घास गोड लागेना. प्रणालीच्या हसण्यात त्यांना आगाऊपणा दिसे, तिच्या नमस्कारात नाटक. “तू काहून त्या पोरीच्या मागे लागून राहिली?” नवरा शशिकांत एकदा म्हणाला. प्रणाली कुठे चुकते, याची त्या वाट पाहत होत्या.

महाराजपुरातल्या कायदा-शिबिरात ती चुकली. मोनाली नावाची तरुण बाई लहान मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. नवरा तिला सोडून नागपूरला राहायला गेला होता. पोटगीचा अर्ज कुठे करायचा, असं तिनं विचारलं. नवरा जिथं राहतो तिथंच, म्हणजे नागपूरच्या कोर्टात, असं प्रणालीनं ठामपणे सांगून टाकलं. मोनालीचा चेहरा पडला.

सुहासिनीताई दोन खुर्च्या सोडून बसल्या होत्या. बायको स्वतः राहते तिथंही हा अर्ज करता येतो, हे त्यांनी शेकडो बायकांना सांगितलं होतं. शब्द ओठांवर आले. पण पोटात एक गार समाधान पसरलं, आणि त्या गप्प बसल्या. आपण चार दिवसांनी कार्यालयातल्या बैठकीत सगळ्यांसमोर ही चूक काढू, असं त्यांनी ठरवलं.

दोन दिवस मोठ्या मजेत गेले. तिसऱ्या दिवशी शिबिराच्या अहवालासाठी त्यांनी मोनालीकडे फोन केला तेव्हा तिच्या आईनं सांगितलं की लेक उद्याच नागपूरला निघाली आहे. पोरीला ताप आहे, तरी बरोबर नेणार. सुट्टी मिळेना म्हणून कामही सोडलं आहे.

सुहासिनीताईंनी हातातला चहा तसाच ठेवला आणि ऑटो पकडली. मोनाली कपडे भरत होती. अर्ज इथंच होतो, हे त्यांनी सांगितलं, तिथंच बसून तो लिहून दिला, आणि ती काम करायची त्या शिवणकेंद्राच्या मालकिणीकडेही गेल्या. मालकिणीनं तिला परत घेतलं.

“त्या दीदींनी पाठवलं का तुम्हाला?” त्या निघाल्या तेव्हा मोनालीनं विचारलं. सुहासिनीताईंनी ऑटोला हात केला.

संध्याकाळी त्यांनी प्रणालीला गाठून तिची चूक सांगितली. ती पांढरीफटक पडली. मग हळूच म्हणाली, “ताई, तुम्ही तर तिथंच बसल्या होत्या नं?”

“होते. ऐकलंही होतं.”

“मग?”

“तुझा राग येत होता मला. अजूनही येतो.”

प्रणाली पिशवी उचलून निघून गेली.

पुढच्या शिबिरात मात्र तिनं उभं राहून सगळ्यांना सांगितलं की मागच्या वेळी मी चुकीचं बोलले, सुहासिनीताईंनी ते सुधारलं. त्या गप्प का राहिल्या, हे तिनं सांगितलं नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या, त्याही प्रणालीच्या मोठेपणासाठी.

सुहासिनीताईंनीही वाजवल्या. आता दोघी शिबिरांना बरोबर जातात. प्रणाली कोर्ट भरवते आणि तिचं काही चुकलं की सुहासिनीताई तिथल्या तिथं उठून सांगतात. पोरं अजूनही धावत जातात ती प्रणालीकडेच, आणि सुहासिनीताई तेवढा वेळ दुसरीकडे बघतात.